संकटात प्रार्थना कशी करावी : तेराव्या स्तोत्राच्या वाटेने

घरात मोठं संकट आलं की मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, माणसं धावून येतात आणि निघताना दारात चपला घालता घालता सांगतात, "प्रार्थना करा, प्रभूवर भरवसा ठेवा." सल्ला खराच आहे. पण हातात बायोप्सीचा रिपोर्ट असतो, किंवा घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी गेलेली असते, तेव्हा गुडघे टेकून नेमकं बोलायचं काय, हे फारसं कोणी सांगत नाही. मी आमच्या मंडळीतर्फे आजाऱ्यांच्या आणि दुःखात असलेल्यांच्या भेटीला जाते. रविवारची उपासना कधी न चुकवलेली माणसं अशा वेळी देवापुढे मुकी होतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. त्यांना देवाशी खोटं बोलायचं नसतं आणि खरं बोलायची भीती वाटते. आपण "का?" म्हणून विचारलं तर तो अविश्वास ठरेल, असं त्यांना वाटत असतं.

तो अविश्वास ठरत नाही. या लेखात मला हीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती रोज कशी आचरायची तेही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश संकटातल्या माणसाच्या हाका आहेत. रडणं, जाब विचारणं, विनवणी करणं, पुन्हा उठून भरवसा धरणं, हे सगळं त्यांत आहे. देवाच्या लोकांनी ही स्तोत्रं लपवून ठेवली नाहीत, मंदिरात मोठ्याने गायली. म्हणजे दुःखात देवाशी कसं बोलावं, हे देवाच्याच वचनात शिकवलेलं आहे. त्यातला सगळ्यात आटोपशीर धडा १३ व्या स्तोत्रात सापडतो. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तक्रार, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने आपण जाऊ.

त्याआधी : जेवलात का?

विचित्र वाटेल, पण मी भेटीला गेले की आधी हेच विचारते. राजे १ च्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाशी बोलणं त्यानंतर होतं.

दवाखान्यात रात्री जागून काढणाऱ्या माणसाने हा अध्याय लक्षात ठेवावा. उपवास-प्रार्थना ही आपल्याकडची जुनी आणि चांगली प्रथा आहे. पण रुग्णाची सेवा करणाऱ्याने, मधुमेह असलेल्याने, गर्भवतीने किंवा कितीतरी दिवस नीट न जेवलेल्याने उपवास धरू नये. त्याऐवजी टीव्ही सोडा, फोन बाजूला ठेवा. जेवण सोडू नका. आळीपाळीने झोपा. शरीर कोसळलं की मन प्रत्येक गोष्टीचा अर्थ वाईटच काढतं, आणि ते वाईट विचार देवाकडून आले आहेत असंही वाटू लागतं.

जागा, वेळ, वही

रोज एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेली जागा घ्या. दहा मिनिटं पुरेत. घरी असाल तर पहाटेचं चहाचं आधण ठेवण्यापूर्वी. दवाखान्यात असाल तर भेटीची वेळ संपून नातेवाईक पांगल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात किंवा गाडीत बसून. जागा पवित्र नाही म्हणून प्रार्थना अडत नाही. योना तर माशाच्या पोटातून बोलला.

एक साधी वही घ्या. मला ही सवय आईच्या डायलिसिसच्या काळात लागली. मुलाच्या शाळेची अर्धी वापरलेली वही होती, मागच्या बाजूने उलटी सुरू केली. डाव्या पानावर तारीख आणि त्या दिवशी देवाला काय बोलले ते. उजवं पान कोरं. पुढे काही घडलं, मग ते मागितल्यासारखं असो की नसो, तर ते उजवीकडे लिहायचं. डावीकडे एकदा "आज सुई नीट लागू दे, परवासारखं रक्त नको" एवढंच लिहिलेलं आहे. उजवीकडे, "केरळच्या सिस्टर होत्या. एका झटक्यात लागली. आई हसली." अशा नोंदींचा उपयोग पुढे होतो. मन खचलं की आजवर मिळालेलं काहीच आठवत नाही. ७७ व्या स्तोत्राचा कर्ताही रात्रभर तळमळतो, देव कृपा करायचं विसरला काय असं विचारतो, आणि मग पूर्वीची कृत्यं मुद्दाम एकेक करून आठवतो. आपल्यासाठी ते काम वही करते.

पहिली पायरी : तक्रार देवापुढे मांडा

१३ वं स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" या हाकेने सुरू होतं. आणि हा प्रश्न एकदा नाही, चार वेळा येतो. तू मला कोठवर विसरणार, मुख कोठवर लपवणार, मी मनातल्या मनात कोठवर झुरू, माझा शत्रू कोठवर माझ्यावर वरचढ राहणार. नीट पाहिलं तर हे चार वेगळे घाव आहेत : देव दूर गेल्यासारखा वाटणं, त्याचा चेहरा न दिसणं, डोक्यातलं विचारांचं चक्र, आणि बाहेरचा माणूस किंवा परिस्थिती.

स्तोत्र आधी मोठ्याने वाचा. कुजबुजत वाचलंत तरी चालेल, पण ओठ हलू द्या. शमुवेलाची आई हन्ना मंदिरात अशीच ओठ हलवत, रडत प्रार्थना करत होती. एली याजकाला ती प्यायलेली वाटली. देवाला तसं वाटलं नाही. वाचून झालं की वहीत स्वतःचे "कोठवर" लिहा. चारच पाहिजेत असं नाही. ग्रांथिक भाषा नको. घरी जी बोली बोलता तीच लिहा, मग ती नगरची असो, वसईची सामवेदी असो की कोकणातली मालवणी. शुद्ध मराठीत प्रार्थना करायला गेलं की आपण आपोआप सभ्य होतो, आणि सभ्य झालो की खरं ते आतच राहतं.

लिहिताना दोन गोष्टी पाळा. एक, खरं नाव घ्या. "आमच्या कुटुंबावरील संकट" असं लिहू नका. "बाबांच्या यकृतातली गाठ", "धाकट्याचं दारू पिणं", "सोसायटीचा हप्ता आणि सावकाराचा फोन" असं लिहा. दुसरी, तक्रार देवाविषयी असली तरी ती देवालाच सांगा. माणसांमध्ये देवाबद्दल कुरकुर करत फिरणं आणि देवाच्या तोंडावर त्याला विचारणं यांत मोठा फरक आहे. जो विचारतो त्याने नातं तोडलेलं नसतं.

कोणी म्हणेल, असं बोलणं उद्धटपणाचं नाही का? निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा. ईयोबाने देवाला काय काय विचारलं! त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन बोलत होते. ४२ व्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि खुद्द प्रभू येशू वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीने ओरडला : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्याने जो शब्द उच्चारला तो आपल्याला वर्ज्य कसा असेल?

काही दिवस पहिल्या पायरीच्या पुढे जाणं जमणारच नाही. तेवढ्यावर थांबलात तरी चालेल. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याच्या शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

दुसरी पायरी : स्पष्ट मागा

तिसऱ्या वचनापासून दावीद, म्हणजे या स्तोत्राचा कर्ता, मागायला लागतो. इकडे लक्ष दे, माझं ऐक, माझे डोळे सतेज कर. आपल्यापैकी अनेक जण इथे घाई करतात. मागण्याआधीच "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" म्हणून मोकळे होतात. ऐकायला ते फार भक्तीचं वाटतं. पण पुष्कळदा त्यामागे, मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही भीती असते.

अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभूने केलेल्या प्रार्थनेतला क्रम बघा. प्रभू आधी मागतो : हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर. मगच म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. आणि हे तो एकदा म्हणून थांबत नाही. मत्तयाच्या २६ व्या अध्यायात तो तीन वेळा जाऊन तेच शब्द पुन्हा बोलतो. मागणं आणि सोपवणं ही दोन्ही पूर्ण वाक्यं आहेत. पहिलं गिळून दुसरं बोलू नका.

मागताना मोठं आणि लहान असं दोन्ही मागा. मोठं म्हणजे "आईला बरं कर." लहान म्हणजे "आज दुपारी डॉक्टर भेटतील तेव्हा मला नीट प्रश्न विचारता येऊ देत," "आज रात्री चार तास झोप दे," "भावाशी न भांडता पैशाचं बोलता येऊ दे." मोठ्या मागणीचं उत्तर यायला महिने लागतील, कदाचित हवं तसं येणारही नाही. लहान मागण्यांमध्ये देवाचा हात रोजच्या रोज दिसत राहतो. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं प्रभूने शिकवलं, त्यात वर्षभराचा शिधा एकदम मागितलेला नाही.

ज्यांना स्वतःसाठी मागायला लाज वाटते (आपल्या बायकांमध्ये हे फार), त्यांनी फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सहावं वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. पौल तिथे सर्व गोष्टींविषयी आपली मागणी देवाला कळवायला सांगतो. सर्व म्हणजे तुमचं गुडघेदुखीसुद्धा. त्याच वचनात आभारप्रदर्शनही आहे. म्हणून रोज एका गोष्टीबद्दल आभार माना. संकटाबद्दल आभार मानायची सक्ती स्वतःवर करू नका. संकटात जे मिळालं त्याबद्दल माना : डबा आणून देणारी शेजारीण, रक्त द्यायला आलेला भाच्याचा मित्र.

तिसरी पायरी : आजपुरता भरवसा

पाचव्या वचनात दावीद म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये काहीही बदललेलं नाही. शत्रू तिथेच आहे, उत्तर आलेलं नाही. बदललं इतकंच की त्याने सगळं ओकून टाकलं, मागितलं, आणि आता तो कोणापुढे बसला आहे हे त्याला आठवलं.

भरवसा म्हणजे "बरं होणारच" अशी मनाची समजूत घालून घेणं नव्हे. दानीएलाच्या पुस्तकातले तीन तरुण, शद्रख, मेशख आणि अबेद्नगो, अग्नीच्या भट्टीसमोर राजाला दोन गोष्टी सांगतात. आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. दोन्ही एका दमात. ख्रिस्ती भरवशाचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही.

हे वाक्य वहीत रोज लिहा, पण रोजच्या दिवसाचं लिहा. "मी आयुष्यभर तुझ्यावर विश्वास ठेवीन" असं वचन देऊ नका, तेवढं बळ आज अंगात नसतं. "आज दुपारपर्यंत मी तुला धरून राहीन" असं लिहा. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असं प्रभूने म्हटलं ते अशा दिवसांसाठीच. तेवढंही जमलं नाही तर मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाचं वाक्य घ्या, ज्याचा मुलगा लहानपणापासून झटक्यांनी पछाडलेला होता : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभूने त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलाला बरं केलं.

तिन्ही पायऱ्या एकत्र कशा दिसतात ते कळावं म्हणून एक नमुना देते. कारखान्यातून काढून टाकलेल्या, घरी दोन लेकरं असलेल्या माणसाची ही प्रार्थना समजा :

"बापा, मला अजून किती दिवस खोटं बोलायला लावणार आहेस? रोज डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि बागेत बसतो. बायकोला सांगितलेलं नाही. तू कुठे आहेस ते कळत नाही. ज्याने माझी चुगली केली तो अजून कामावर आहे, आणि मी इथे. मला राग येतो त्याचा, आणि तुझाही. देवा, मला काम दे. महिनाअखेरच्या आत दे, कारण फी भरायची आहे. आणि आज संध्याकाळी तिला सांगायचं धैर्य दे. ती रडली तर मला चिडू देऊ नकोस. बाबा गेले तेव्हा तू आम्हांला सांभाळलंस, ते मी विसरलेलो नाही. आज संध्याकाळपर्यंत तुझा हात धरतो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

यात शत्रूवरचा राग आहे, तो पुसून टाकायची गरज नाही. सूड देवाच्या हाती सोपवला की आपल्या हातून होत नाही.

शब्दच फुटत नसतील तेव्हा

ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा लागलेला असताना वही उघडणं कोणाला सुचत नाही. अशा वेळेसाठी पाठांतर कामी येतं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे २३ वं स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना लहानपणी पाठ केलेली असते, तीच म्हणा, कितीही वेळा. कॅथलिक घरांत रोझरीचे मणी हातात असतात. डोकं चालत नाही तेव्हा बोटांना काम मिळतं, हा तिचा मोठा उपकार आहे. पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांत श्वासाबरोबर म्हणायची एक प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा," सोडताना "माझ्यावर दया कर." घाबरून छाती धडधडते तेव्हा हिने श्वासही संथ होतो.

गाता येत असेल तर गा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीचं वळण दिलं, म्हणून आपल्या आज्यांना पेटी-तबल्याशिवायही चुलीपुढे गाता यायचं. मनात येईल ते एखादं भजन गुणगुणलं तरी ती प्रार्थनाच आहे. आणि तेही नाही जमलं, तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत मध्यस्थी करतो. तुम्ही नुसते भिंतीला टेकून बसला असाल तरी त्या वेळी तुमच्यासाठी प्रार्थना चालू असते.

एकट्याने वाहू नका

पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेवर घालून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उकरून खाली सोडलं. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचाही. ज्या आठवड्यात तुमच्यात विश्वास उरला नाही, त्या आठवड्यात दुसऱ्यांच्या विश्वासावर पडून राहायची मुभा आहे.

दोघातिघांना नेमून सांगा. पाळकांना किंवा फादरांना कळवा. ते आपणहून येतील म्हणून वाट पाहू नका, त्यांना माहीतच नसतं. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असंच सांगितलं आहे, बोलवायचं काम आजाऱ्याचं. व्हॉट्सअॅपच्या मोठ्या गटात मात्र जपून. "प्रार्थनेची विनंती" म्हणून टाकलेला मेसेज तासाभरात तीन गावांत जातो. मुलीचा घटस्फोट, मुलाचं व्यसन, मानसिक आजार या गोष्टी ज्याच्या त्याला विचारल्याशिवाय तिथे लिहू नयेत.

आणि तुम्ही भेटीला जाणारे असाल तर कृपा करून "विश्वास कमी पडला" किंवा "घरात काही पाप असेल, तपासून बघा" असं बोलू नका. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी हेच विचारलं होतं, याने पाप केलं की आईबापांनी? प्रभूने सरळ सांगितलं, याने नाही आणि आईबापांनीही नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागल्यावर बिघडलं.

डॉक्टर, गोळ्या, आणि पैसे मागणारे

इथे मला कडक बोलायचं आहे. प्रार्थना करतो म्हणून इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, क्षयरोगाची औषधं किंवा डायलिसिस बंद करायला कोणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका, मग तो मंचावर कितीही मोठ्याने देवाचं नाव घेवो. हिज्कीया राजाला देवाने आयुष्य वाढवून दिलं, आणि त्याच प्रसंगी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं. १८९४ मध्ये मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसांनी प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एका छपराखाली ठेवली, ती आपली परंपरा आहे. पंडिता रमाबाईंसारखी प्रार्थना करणारी बाई शोधून सापडणार नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या गुडघ्यांवरून उठून मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं.

मनाच्या आजारालाही हेच लागू. झोप उडालेली असणं, कशातच रस न वाटणं, जगू नये असं वाटणं आठवड्यामागून आठवडे टिकलं तर पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ता, वाचता वाचता, घरातल्या कोणाला तरी हाक मारा. एलीयानेही मरण मागितलं होतं. देवाने त्याला टाकलं नाही.

आणि प्रार्थनेसाठी रक्कम ठरवणाऱ्यापासून दूर राहा. "एवढं अर्पण पेरा, मग आजार जाईल" म्हणणारा, बाटलीत तेल विकणारा, तुमचं सोनं मागणारा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन देवाचं दान पैशाने घ्यायला निघाला, तेव्हा पेत्राने त्याला कोणत्या शब्दांत झिडकारलं ते वाचा.

उत्तर "नाही" आलं तर

हे लिहिणं जड जातं, पण वगळणं अप्रामाणिक होईल. माझी आई बरी झाली नाही. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, आणि माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं. रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि रमाबाई पुढच्याच वर्षी. त्या शेवटच्या काळातही शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

घरातलं माणूस गेल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर या. भाऊ लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया, दोघीही बहिणी प्रभूला तेच म्हणाल्या : आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. हा जाबच होता. मार्थाला त्याने पुनरुत्थानाचं वचन दिलं, मरीयेजवळ तो रडला. कोणाला आधी वचन हवं असतं, कोणाला आधी सोबत. तुम्हांला काय हवं आहे ते त्याला सांगा. काही महिने उपासनेत गाता आलं नाही तरी जाऊन बसा, बाकीचे गातील. पहिला नाताळ, पहिला वाढदिवस, वर्षदिन या तारखा आधीच दोघाचौघांना सांगून ठेवा म्हणजे त्या दिवशी कोणी तरी घरी येईल. ती वही जाळू नका. वर्षाने कबरस्तानात फुलं ठेवून आल्यावर उजवी पानं वाचा.

कोणत्या वेळी कोणतं स्तोत्र

१३ व्या स्तोत्राची सवय झाली की बाकीची आपोआप उघडतात. झोप येत नसेल तर ४. रडून रडून अंथरूण भिजत असेल तर ६. अन्याय करणारा मजेत असेल तर १० आणि ७३, ७३ जास्त, कारण त्यात हेवा करणाऱ्याचं मन उघडं ठेवलं आहे. निकालाची, कोर्टाच्या तारखेची भीती असेल तर २७. आपल्याच चुकीने संकट ओढवलं असेल तर ५१, आणि ते वाचल्यावर ज्याचं नुकसान केलं त्याची भेट घ्या. जवळच्या मित्राने दगा दिला असेल तर ५५. म्हातारपण आणि अंगातली शक्ती गेल्याची खंत असेल तर ७१. घरचं माणूस दूर देशी नोकरीला निघालं असेल तर १२१, दारात उभं राहून सगळ्यांनी मिळून. रात्रपाळीत रुग्णाजवळ बसला असाल तर १३०, ते पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचं आहे. ९१ वं सगळ्यांना आवडतं, पण ते ताबीज म्हणून उशाखाली ठेवायचं नाही, वाचायचं आहे. सैतानाने प्रभूची परीक्षा घेताना त्याच स्तोत्रातलं वचन वापरलं होतं.